मास्तरांची उमेदवारी : ब्रिटनच्या सरकारी शाळांतील नवशिक्षकांचा इतिहास

ब्रिटनमध्ये नवख्या शिक्षकाला जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली तयार करण्याची पहिली सरकारी योजना १८४६ साली निघाली. तिच्यातले एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. उमेदवाराला रोज दीड तास शिकवणाऱ्या हेडमास्तराला त्या कामाचे वेगळे पैसे सरकारी तिजोरीतून मिळत : एका उमेदवारासाठी वर्षाला ५ पौंड, दोघांसाठी ९ आणि त्यापुढच्या प्रत्येकासाठी ३. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत उमेदवारी, प्रोबेशन, इंडक्शन, मेंटॉर अशी नावे येत-जात राहिली. आयोग बसले, अहवाल निघाले. पण नव्या माणसाला हाताशी धरायचे तर जुन्या माणसाचा वेळ मोडतो, आणि त्या वेळाचे पैसे कोणी द्यायचे, या एका मुद्द्याभोवतीच हा सारा इतिहास फिरला आहे. पैसे आले तेव्हा व्यवस्था चालली. आटले तेव्हा ती परिपत्रकात उरली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तर शिक्षकालाही शिकवावे लागते, ही कल्पनाच इंग्लंडमध्ये रुजलेली नव्हती. गरिबांची मुले एखाद्या म्हातारीच्या घरी अक्षरे गिरवत, नाहीतर दुसरा कुठलाच धंदा न जमल्यामुळे शाळा काढून बसलेल्या माणसाकडे जात. यावर पहिला तोडगा आला तो मद्रासहून. अँड्र्यू बेल हा सेंट अँड्र्यूजचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून एग्मोरला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख होता. तिथल्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली. महाराष्ट्रातल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी ती हीच. हा प्रकार आश्रमात करावा तर पगारी मदतनीस मास्तर ऐकेनात. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला धाकट्यांच्या वर्गावर नेमले, आणि काम भागले. थोरल्याने धाकट्याची उजळणी घ्यायची ही आपल्याकडची जुनीच रीत. बेलने तिला पद्धतीचे रूप दिले आणि मायदेशी परतल्यावर १७९७ साली तिच्यावर पुस्तिका छापली.

पुढच्याच वर्षी लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर या क्वेकर तरुणाने जवळपास तशीच शाळा सुरू केली. मूळ कल्पना कोणाची यावर दोघांच्या पाठीराख्यांत बरीच वर्षे जुंपली. चर्च ऑफ इंग्लंडने १८११ मध्ये नॅशनल सोसायटी काढून बेलची बाजू घेतली. चर्चबाहेरच्या पंथीयांची ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी लँकेस्टरच्या कामातून उभी राहिली. वादाचा आवेश मोठा असला तरी हिशेब दोघांचा एकच होता. एक मास्तर काही मॉनिटरांना सकाळी धडा शिकवी, आणि मॉनिटर तोच धडा शेकडो मुलांकडून घोकून घेत. मॉनिटर हाच या शाळेतला नवा शिक्षक. त्याला शिकवण्याची कला कोणी शिकवत नसे, फक्त त्या दिवशी काय बोलायचे ते सांगितले जाई. स्वस्ताई हे या पद्धतीचे मुख्य आकर्षण होते. हीच पद्धत पुढे विलायती शिक्का घेऊन मुंबई इलाख्यातल्या शाळांतही परत आली. बेल १८३२ साली वारला तो बराच पैसा मागे ठेवून. त्याच पैशांतून १८७६ साली एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची अध्यासने स्थापन झाली. शिक्षकाला प्रशिक्षणाची गरज नाही असे मानणाऱ्या पद्धतीची कमाई अशी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामी आली.

वेगळा विचार आधी ग्लासगोत दिसतो. डेव्हिड स्टो या व्यापाऱ्याने तिथे १८३७ साली केवळ शिक्षक घडवण्यासाठी इमारत बांधून संस्था उभी केली. पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर बसलेल्या मुलांपुढे छात्राध्यापकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी तो पाहायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून त्या पाठाची चिरफाड करायची, असा तिथला क्रम होता. डीएड किंवा बीएड करताना ज्यांनी सरावपाठ घेतले आहेत आणि पाठानंतर निरीक्षकाचे शेरे निमूटपणे ऐकले आहेत, त्यांना या क्रमाची ओळख वेगळी करून द्यायला नको.

लंडनमध्ये हे काम अंगावर घेतले ते जेम्स के या डॉक्टरने. लग्नानंतर पत्नीचे आडनाव जोडून तो के-शटलवर्थ झाला आणि इतिहासात त्याच नावाने ओळखला जातो. मँचेस्टरच्या गिरणगावात पटकीच्या साथीत काम केलेला हा माणूस गरिबांसाठीच्या कायद्याचा सहायक आयुक्त म्हणून नॉर्फक आणि सफकमध्ये फिरत होता. तिथल्या एका गरीबगृहाच्या शाळेत मास्तर आजारी पडल्यावर एका पोरानेच वर्ग नीट चालू ठेवल्याचे त्याला दिसले. हॉलंडमध्ये त्याने हीच गोष्ट पद्धत म्हणून चाललेली पाहिली : तिथे हुशार मुले काही वर्षे मास्तराच्या हाताखाली रीतसर उमेदवारी करत. १८३९ साली सरकारने शिक्षणासाठी प्रिव्ही कौन्सिलची समिती नेमली, के तिचा सचिव झाला, आणि शाळा तपासनीसांच्या पहिल्या नेमणुका झाल्या. १८४० साली त्याने ई. सी. टफनेल या सहकाऱ्याबरोबर बॅटरसीला ट्रेनिंग कॉलेज काढले, तेही आरंभी बऱ्याच अंशी स्वतःच्या खिशातून. तीनच वर्षांत खर्च झेपेना म्हणून ते नॅशनल सोसायटीच्या हवाली करावे लागले. खाजगी औदार्यावर हे काम चालत नाही हा धडा त्यातून मिळाला, आणि १८४६ ची योजना त्या धड्यावरच उभी राहिली.

योजना अशी होती. तेरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने शाळेशी पाच वर्षांचा करार करायचा. सुतार-लोहाराकडचा उमेदवार जसा करारपत्राने बांधला जाई, तसाच. दर पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक उमेदवार. सरकार त्याला पहिल्या वर्षी १० पौंड देई आणि पाचव्या वर्षापर्यंत ही रक्कम २० वर जाई. दिवसभर त्याने वर्ग सांभाळायचा आणि शाळेच्या वेळेबाहेर, आठवड्यातले पाच दिवस, हेडमास्तराकडे दीड तास शिकायचे. वर्षाच्या शेवटी तपासनीस परीक्षा घेई. उमेदवार नापास झाला तर त्याचे वेतन बुडे आणि हेडमास्तराचे ते ५ पौंडही. हेडमास्तराला स्वतःची पोळी भाजण्यासाठी का होईना, उमेदवाराला शिकवणे भाग होते. पाच वर्षे निभावलेल्यांना स्पर्धा परीक्षेतून राणीच्या नावाची शिष्यवृत्ती आणि ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळण्याची वाट खुली होती. मजुराच्या घरातल्या मुलीला धुणीभांडी, शिवणकाम किंवा गिरणी याखेरीज दुसरी वाट जवळजवळ नव्हती, तिथे या योजनेने पगारी आणि मानाची वाट काढून दिली. पुढे प्राथमिक शिक्षकांत स्त्रियांची बहुसंख्या झाली त्याची एक सुरुवात इथे आहे.

व्यवहारात मात्र तेरा वर्षांचे पोर दिवसभर साठ-सत्तर मुलांवर ओरडून संध्याकाळी व्याकरण आणि भूगोल शिकायला बसे तेव्हा त्याच्यात फारसा जीव उरलेला नसे. सगळे हेडमास्तराच्या वकुबावर अवलंबून होते. चांगल्या हाताखाली पडलेला उमेदवार पाच वर्षांत पक्का मास्तर होऊन निघे. वाईट हाताखाली पडलेला फक्त छडी चालवायला शिके. इंग्रजी कादंबरीत ही मंडळी पुष्कळ भेटतात. डिकन्सने ‘हार्ड टाइम्स’मध्ये (१८५४) ट्रेनिंग कॉलेजच्या साच्यातून निघालेल्या मास्तराची चेष्टा केली, आणि ‘अवर म्यूच्युअल फ्रेंड’मधला चार्ली हेक्झम हा असाच उमेदवार शिक्षक आहे. टॉमस हार्डीच्या ‘ज्यूड’मध्ये (१८९५) सू ब्राइडहेड ही तरुणी फिलॉटसन मास्तरांच्या हाताखाली उमेदवारी करते. तो तिला संध्याकाळी शिकवतो तेव्हा नियमाप्रमाणे एक वयस्क बाई शिवणटिपण करत तिथे बसलेली असते. सरकारी नियमावलीने या शिकवणीची किती बारकाईने काळजी घेतली होती हे अशा तपशिलातून कळते.

मास्तराला परीक्षा उत्तीर्ण होऊनही लगेच पक्के प्रमाणपत्र मिळत नसे. काही काळ प्रत्यक्ष शाळेत काम करायचे, तपासनीसाचे अनुकूल शेरे मिळवायचे, आणि मगच चर्मपत्रावरचे प्रमाणपत्र हाती पडायचे. प्रोबेशनचे हे पहिले रूप. त्यात पारख होती, पण आधार फारसा नव्हता. आपल्याकडच्या जुन्या पिढीला डिपोटी (शाळा तपासनीस) शाळेत येणार म्हटल्यावर मास्तरांची उडणारी तारांबळ ऐकून माहीत आहे. ती ज्या घराण्यातली, तेच हे घराणे.

१८६२ साली घाव बसला. शिक्षणावरचा सरकारी खर्च वाढत चालला होता आणि रॉबर्ट लो या मंत्र्याला तो आटोक्यात आणायचा होता. त्याच्या सुधारित नियमावलीने निकालावर अनुदान देण्याची पद्धत आणली. सरासरी हजेरीमागे ४ शिलिंग, आणि वाचन, लेखन, गणित यांत पास होणाऱ्या मुलामागे प्रत्येक विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स. उमेदवारांचे वेतन आणि हेडमास्तरांचे शिकवण्याचे पैसे सरकारने थेट देणे थांबवले. शाळा-व्यवस्थापनाने मिळालेल्या अनुदानातून काय ते बघावे, असे ठरले. परिणाम ठरल्यासारखा झाला. हेडमास्तराचा पगार आता मुलांच्या निकालावर अवलंबून, तेव्हा तो संध्याकाळचा वेळ कच्च्या मुलांना घोटवण्यात घालवू लागला. उमेदवाराच्या शिकवणीचे किमान तास आठवड्याला साडेसातवरून पाचवर आले. उमेदवारांची संख्याही काही वर्षांतच बरीच घटली. कवी मॅथ्यू आर्नल्ड पस्तीस वर्षे शाळा तपासनीस होता आणि उमेदवार शिक्षकांबद्दल त्याचे मत चांगले होते. या नियमावलीवर त्याने उघडपणे टीका केली, नोकरीत राहून. निकालावरच्या अनुदानाचे पडसाद मुंबई इलाख्यातल्या अनुदानपद्धतीतही उमटले. लो याचा हेतू दुष्ट होता असे म्हणता येत नाही. पण नव्या शिक्षकाला घडवण्याचे काम कोणाच्याच पगारात बसत नसेल तर ते होत नाही, हे त्याने नकळत सिद्ध करून दाखवले.

१८७० च्या कायद्याने निवडून आलेली स्कूल बोर्डे आली, शाळा भराभर वाढल्या आणि शिक्षकांची मागणीही. लिव्हरपूल, लंडन अशा मोठ्या शहरांतल्या बोर्डांनी उमेदवारांसाठी वेगळी केंद्रे काढली. अर्धा वेळ शाळेत शिकवायचे आणि अर्धा वेळ केंद्रात पदवीधर शिक्षकांकडून शिकायचे. उमेदवारांचे स्वतःचे शिक्षण यामुळे नक्कीच सुधारले. पण हेडमास्तर आणि उमेदवार यांच्यातला जुना धागा तुटला. पुस्तकी भाग केंद्राकडे गेला आणि वर्ग कसा सांभाळायचा हा भाग शाळेत बेवारस राहिला. १८९० पासून विद्यापीठांना जोडून दिवसाची ट्रेनिंग कॉलेजे निघाली आणि हे अंतर आणखी वाढले. शिक्षण खात्याचा सचिव रॉबर्ट मोरांट याच्या काळात, १९०३ च्या नियमांनी उमेदवाराचे किमान वय शहरांत १६ केले. १९०७ साली माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या भावी शिक्षकांना विद्यावेतन देण्याची योजना आली, आणि आधी हायस्कूल, मग कॉलेज, मग नोकरी हा आजचा क्रम ठरला. खेड्यांत जुन्या धाटणीचे उमेदवार त्यानंतरही काही वर्षे दिसत, पण पद्धत म्हणून ती संपली होती.

या संधिकालाचे सर्वांत जिवंत चित्र डी. एच. लॉरेन्सचे. तो स्वतः खाणकामगाराचा मुलगा. १९०२ पासून ईस्टवुडच्या शाळेत उमेदवार शिक्षक, मग इल्केस्टनच्या केंद्रात, मग नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, आणि १९०८ ते १९११ क्रॉयडनच्या डेव्हिडसन रोड शाळेत पूर्ण वेळ मास्तर. ‘द रेनबो’मधली (१९१५) उर्सुला कसलेही प्रशिक्षण न घेता एका गरीब वस्तीतल्या शाळेत रुजू होते, मुलांवर प्रेम करून शिकवायचे ठरवते, आणि थोड्याच दिवसांत वर्ग हातातून जातो. हेडमास्तर मदत करण्याऐवजी सगळ्यांसमोर तिचा वर्ग ताब्यात घेऊन दाखवतो. शेवटी एका मुलाला छडीने झोडपल्यावरच तिचा जम बसतो, आणि आपण काय गमावले ते तिला कळते. नव्या शिक्षकाला एकटे सोडले तर तो काय शिकतो याचे इतके नेमके वर्णन कुठल्या सरकारी अहवालात सापडणार नाही.

दोन महायुद्धांमधल्या काळात एका वर्षाचे प्रोबेशन ही रुळलेली गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर शिक्षकांचा प्रचंड तुटवडा पडला. तातडीच्या प्रशिक्षण योजनेखाली सैन्यातून आणि इतर युद्धकामांतून सुटलेल्या सुमारे ३५,००० स्त्री-पुरुषांना जेमतेम वर्षभरात शिक्षक करण्यात आले. लष्करी छावण्या आणि जुन्या हवेल्या यांची कॉलेजे झाली. पदवीधराला तर प्रशिक्षणाचीही सक्ती नव्हती. ती प्राथमिक शाळांत १९७० साली आणि माध्यमिक शाळांत त्यानंतर काही वर्षांनी आली. ई. आर. ब्रेथवेट हा ब्रिटिश गयानाचा पदवीधर, हवाई दलातून निवृत्त झाल्यावर काळा म्हणून अभियंत्याची नोकरी मिळेना तेव्हा असाच लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत शिक्षक झाला. ‘टू सर, विथ लव्ह’ (१९५९) हे त्या अनुभवावरचे पुस्तक; सिडनी पॉइटियेचा चित्रपट नंतर आला. प्रत्यक्षातल्या त्या शाळेचा हेडमास्तर अलेक्स ब्लूम आपल्या काळाच्या पुढचा माणूस होता. मुलांना शाळेच्या कारभारात बोलू देणाऱ्या त्याच्या शाळेत नव्या मास्तराला शिक्षककक्षातून तरी काही आधार मिळे. पण तो आधार ब्लूमचा होता, व्यवस्थेचा नव्हता. पुष्कळ शाळांत नव्या माणसाला सर्वांत दांडगा वर्ग आणि सर्वांत गैरसोयीची खोली मिळे, कारण बाकीच्यांनी आपापली निवड आधीच केलेली असे. वर्षाच्या शेवटी स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांचा माणूस येऊन शेरा मारून जाई.

हे बदलायचे ठरवून १९७२ साली लॉर्ड जेम्स यांच्या समितीने अहवाल दिला. शिक्षकाची घडण तीन टप्प्यांत पाहावी, दुसऱ्या टप्प्यात शाळेतले पहिले वर्ष धरावे, आणि प्रत्येक शाळेत नव्यांची जबाबदारी असलेला एक अनुभवी शिक्षक नेमावा, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शिक्षणमंत्र्यांची श्वेतपत्रिका निघाली. नव्या शिक्षकाचे तास कमी करावेत आणि त्याला कामाच्या वेळेपैकी एक पंचमांश वेळ शिकण्यासाठी मोकळा द्यावा, असे तिच्यात वचन होते. या शिक्षणमंत्री म्हणजे मार्गारेट थॅचर. सरकारी खर्चाच्या कट्टर विरोधक म्हणून त्यांचे नाव झाले ते नंतर. १९७४ मध्ये लिव्हरपूल आणि नॉर्थम्बरलंड येथे प्रायोगिक योजना सुरू झाल्या. दाट वस्तीचे बंदर आणि विरळ वस्तीचा डोंगराळ परगणा, अशी निवड मुद्दाम केलेली. शाळाशाळांत मार्गदर्शक नेमले गेले, नव्या शिक्षकांना ऑफ तास मिळाले, आणि योजना चालते असे दिसू लागले. पण तोवर तेलाच्या किमतींचा भडका उडाला होता आणि सरकारी खर्चाला कात्री लागली होती. देशभर ही योजना न्यायची गोष्ट मागे पडली. काही स्थानिक शिक्षण प्राधिकरणांनी पदरमोड करून ती चालवली, बाकीच्यांनी सोडून दिली. सरकारी तपासनीसांनी १९८२ आणि १९८८ साली नव्या शिक्षकांची पाहणी केली, आणि दोन्ही वेळा आधाराचे प्रमाण शाळेगणिक वेगळे असल्याचेच दिसून आले.

‘मेंटॉर’ हा शब्द ब्रिटिश शाळांत रुळला तो १९८७ नंतर. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शिक्षण विभागाने परगण्यातल्या शाळांशी भागीदारी करून छात्राध्यापकांना वर्षातला मोठा काळ एकाच शाळेत ठेवण्याची योजना सुरू केली, आणि तिथे त्यांना सांभाळणाऱ्या विषयशिक्षकाला हे नाव दिले. तज्ज्ञ शिक्षक आपल्या कौशल्याबद्दल बहुधा बोलतच नाही. ते त्याच्या हाताला सवयीचे झालेले असते. ते बोलके करणे हे मेंटॉरचे काम, असा या योजनेचा गाभा होता.

मग १९९२ आले आणि एकाच सरकारने दोन उलट निर्णय घेतले. शिक्षणमंत्री केनेथ क्लार्क यांनी जानेवारीत जाहीर केले की माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा चार पंचमांश काळ शाळेत जावा. वाटाघाटींनंतर ३६ पैकी २४ आठवडे ठरले. म्हणजे छात्राध्यापकासाठी शाळाशाळांत मेंटॉर आले. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समधले प्रोबेशनचे वर्ष मात्र रद्द झाले. प्रशिक्षण सुधारले आहे, सर्वच शिक्षकांचे मूल्यमापन आता होणार आहे, तेव्हा नव्यांची वेगळी परीक्षा कशाला, हा विचार त्यामागे होता. जूनमध्ये ज्याच्या शेजारी मेंटॉर बसत होता तोच तरुण सप्टेंबरात पगारी शिक्षक होऊन दुसऱ्या शाळेत गेला की त्याच्यासाठी कोणी बांधील उरले नाही.

सात वर्षांनी, सप्टेंबर १९९९ पासून, इंग्लंडमध्ये इंडक्शन सुरू झाले. तीन सत्रे, तासिकांत १० टक्के सूट, शाळेतलाच एक मार्गदर्शक, ठरावीक काळाने वर्गनिरीक्षण आणि दर सत्राअखेर लेखी मूल्यमापन. नापास झालेल्याला सरकारी शाळेत शिकवण्याचा हक्क कायमचा गमवावा लागे, दुसरी संधी नसे. आधार आणि फाशी एकाच माणसाच्या हाती दिल्याचे पुष्कळांना खटकले, कारण ज्याच्यापुढे अडचण उघड करायची तोच अहवाल लिहिणार होता. सुरुवातीला या सवलतीसाठी शाळांना खास निधी मिळे. तो पुढे सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिसळला आणि १० टक्के सूट ही वेळापत्रक लावणाऱ्याच्या मर्जीची बाब होत गेली. तरी इथे एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाने ध्यानात घ्यावी. या काळात नवा शिक्षक पूर्ण पगारावर असतो. २००० साली सुरू झालेल्या आपल्या शिक्षणसेवक योजनेत पहिल्या तीन वर्षांचा अर्थ मुख्यतः कमी मानधन असा होता. तिकडे कमी केले जातात ते तास.

स्कॉटलंडने याहून धीट पाऊल टाकले. तिथे शिक्षकांची स्वतःची नोंदणी परिषद १९६५ च्या कायद्याने आली होती आणि प्रोबेशन दोन वर्षांचे होते. पण १९९० च्या दशकात कायम जागा मिळेनात आणि नवे शिक्षक आज या शाळेत, उद्या त्या शाळेत बदली तास घेत प्रोबेशन पुरे करू लागले. ज्याला आठवड्यानंतर शाळेतून जायचे आहे त्याला कोण कशाला शिकवणार? मक्रोन समितीचा अहवाल (२००० साली) आणि पाठोपाठचा २००१ चा करार यांतून निघालेली योजना ऑगस्ट २००२ पासून लागू झाली. स्कॉटिश विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पात्र शिक्षकाला एका वर्षाची जागा हमखास, एकच शाळा, एक नेमून दिलेला अनुभवी शिक्षक, आणि शिकवण्याचा भार फक्त ७० टक्के. उरलेला ३० टक्के वेळ स्वतः शिकण्याचा. उमेदवाराने पाच परगण्यांची पसंती द्यायची. कुठेही पाठवा म्हणणाऱ्याला वर बक्षिसी, म्हणून हेब्रिडीज आणि शेटलंडसारख्या दूरच्या बेटांनाही तरुण शिक्षक मिळू लागले. १८४६ नंतर इतक्या उघडपणे वेळ विकत घेणारी ही पहिलीच व्यवस्था. २०११ च्या काटकसरीत तिचाही लचका तुटला : शिकवण्याचा भार आठवड्याच्या साडेबावीस तासांपैकी साडेअठरा, म्हणजे सुमारे ८२ टक्के झाला. जागेची हमी मात्र राहिली. ती एकाच वर्षाची असल्याने दुसऱ्या वर्षी काय, हा प्रश्न प्राथमिक शाळांतल्या कित्येकांपुढे उभा राहतो. वेल्सने २००३ मध्ये आपले वेगळे इंडक्शन सुरू केले. उत्तर आयर्लंडमध्ये प्रशिक्षण, इंडक्शन आणि त्यानंतरची दोन वर्षे असा सलग आराखडा आहे.

इंग्लंडला पुन्हा हालचाल करायला लावले ते गळतीने. नव्या शिक्षकांपैकी साधारण एक तृतीयांश पाच वर्षांच्या आत सरकारी शाळा सोडत होते. जानेवारी २०१९ मध्ये शिक्षण खात्याने नवशिक्षकांसाठी आराखडा जाहीर केला. २०२० साली ईशान्य इंग्लंड, ग्रेटर मँचेस्टर, ब्रॅडफर्ड आणि डॉनकॅस्टर इथे त्याची चाचणी झाली आणि सप्टेंबर २०२१ पासून तो देशभर आला. इंडक्शन दोन वर्षांचे झाले, पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के सूट. मेंटॉर आणि मूल्यमापन करणारा ही माणसे आता वेगवेगळी ठेवली गेली. वीस वर्षांची तक्रार अशी मिटली. अभ्यासक्रम मात्र केंद्रीय होता : वर्गशिस्त, अध्यापन, अभ्यासविषय, मूल्यमापन आणि व्यावसायिक वर्तन या पाच विभागांत तो आखलेला, आणि सरकारने निवडलेल्या सहा संस्था तो पुरवणार. प्रशिक्षणात जे शिकलो तेच पुन्हा ऑनलाइन वाचावे लागते, असे नवे शिक्षक म्हणू लागले. मेंटॉर म्हणू लागले की नव्या माणसाशी बोलायचा वेळ आम्ही स्वतःचे मॉड्यूल पूर्ण करण्यात घालवतो. पैशांचा हिशेबही जुन्या वळणाचा होता. दुसऱ्या वर्षाच्या सवलतीचे आणि मेंटॉरच्या वेळेचे जादा पैसे शाळांना मिळाले. पहिल्या वर्षाचे शाळेच्या नेहमीच्या अनुदानातच धरले गेले.

परदेशी शिक्षकांसाठीचे दार २०२३ साली आणखी उघडले. भारतासह आणखी काही देशांतल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्या पात्र शिक्षकांना इंग्लंडमध्ये शिक्षकपदाच्या मान्यतेसाठी थेट अर्ज करता येऊ लागला. पुण्या-नाशिककडून गेलेल्या अनुभवी शिक्षकालाही तिथल्या वर्गशिस्तीची आणि पालकभेटींची रीत नव्याने शिकावी लागते, मग कागदावर तो नवशिक्षक असो वा नसो. सप्टेंबर २०२५ पासून पूर्वप्रशिक्षण आणि पहिली दोन वर्षे यांचा अभ्यासक्रम एकत्र करण्यात आला, योजनेचे नाव बदलले, पुनरुक्ती कमी करण्याचा प्रयत्न झाला आणि मेंटॉरचे स्वतःचे प्रशिक्षण दोन वर्षांवरून एका वर्षावर आणले गेले.